मालक एक, भाडेकरू दुसरा, दुरुस्ती सरकारची

गिरगाव, परळ, भायखळा, काळबादेवी या भागांत जुन्या चाळींच्या जिन्याखाली लाकडी किंवा लोखंडी टेकू दिसतात. इमारत खासगी, राहणारे भाडेकरू आणि टेकू लावणारे मात्र सरकारी मंडळ! जगाच्या पाठीवर अशी व्यवस्था विरळाच, आणि ती मुंबईत पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे.

हे घडले कसे? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण दहा-वीस रुपये भाड्यात मालक छप्पर शाकारणार कुठून? दरवर्षी पाणी मुरत गेले, सागवानी तुळया कुजल्या, पावसाळ्यात घरे कोसळून माणसे दगावू लागली. अखेर 1969 मध्ये कायदा झाला आणि 1971 मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उभे राहिले. 1977 मध्ये ते म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा भाग बनले.

त्यामागची कल्पना साधी आणि विलक्षण आहे. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसतो, महापालिका तो मालमत्ता करासोबत गोळा करते आणि शासन त्यात भर घालते. हजारो घरांनी मिळून चालवलेली ही प्रचंड भिशीच: उपकर सगळ्यांनी भरायचा, आणि ज्याची भिंत आधी खचेल त्याच्याकडे पैसा आधी जायचा. सुरुवातीला अशा ‘उपकरप्राप्त’ इमारती 19,642 होत्या. त्यांतल्या 16,502 ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या. ज्या तारखेने भाडी गोठवली, तीच तारीख दुरुस्तीच्या हिशेबातही सीमारेषा ठरली!

मंडळाचे काम मुख्यतः सांगाड्याचे: कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर, खचलेल्या शौचालयांची नवी बांधणी, भिंतींना आधार. प्रति चौरस मीटर खर्चाला मर्यादा असते. इमारत दुरुस्तीपलीकडे गेली, तर रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवून पुनर्बांधणीचा विचार होतो. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादीही जाहीर होते.

या गळक्या छपरांचा प्रश्न राज्यघटनेपर्यंत पोहोचला, हे सर्वांत थक्क करणारे. म्हाडा कायद्यात 1986 मध्ये झालेल्या बदलानुसार 70 टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात इमारत संपादन करण्याची वाट खुली झाली. मालक न्यायालयात गेले. अखेर 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, राज्यघटनेच्या अर्थाने प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. परळच्या चाळीतल्या कुजक्या तुळईने साऱ्या देशाच्या मालमत्ता हक्काची व्याख्या तपासायला लावली!

तुम्ही जुन्या चाळीत राहत असाल तर एवढे करा: मालमत्ता कराच्या बिलात दुरुस्ती उपकर लागतो का, हे मालकाकडून समजून घ्या. भिंतीला तडा दिसला, जिना हलू लागला, तर पावसाळ्याची वाट न पाहता मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ही मदत उपकाराची नाही. तुमच्या उपकरातून उभी राहिलेली, तुमच्या हक्काची आहे.