शिंपल्यावरील छिद्र

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल सोलापुराहून गुहागरला गेली होती. काळा पाषाण आणि काळी माती पाहत वाढलेली ती मुले! समुद्र त्यांनी प्रथमच पाहिला. पाण्यात पाय बुडवून होताच सारी शिंपले वेचू लागली. सहावीतील एका मुलीने मात्र नेमके तेच शिंपले निवडले, ज्यांना आधीच एकेक भोक होते. नुसता दोरा ओवला की माळ तयार.

"गुरुजी, ही भोके कोणी पाडली?" तिने विचारले.

लाटांबरोबर वाळू आणि खडे घासून शिंपले झिजतात व त्यांस भोके पडतात, असे मी मोठ्या अधिकारवाणीने सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग सगळी इतकी गोल कशी? आणि एकाला एकच का?"

मजजवळ उत्तर नव्हते. घरी परतल्यावर ग्रंथ चाळले, तेव्हा कळले की झिजेने पडणारी भोके वेगळी, वेडीवाकडी असतात. त्या मुलीच्या हातातील भोके एका शिकाऱ्याने पाडलेली होती.

मुलांनो, हा शिकारी म्हणजे समुद्रातील एक गोगलगाय होय. तिचा शंख चेंडूसारखा गोलसर आणि गुळगुळीत असतो. ती वाळूखालून सरकत जाते, शिंपला सापडला की आपल्या रुंद, मांसल पायाने त्यास कवटाळते आणि पोखरू लागते. तिच्या मुखात बारीक दातांच्या ओळी असलेली एक पट्टी असते. कानशीने लोखंड घासावे तशी ती या पट्टीने कवच खरवडते. परंतु केवळ दातांनी हे काम होत नाही. तिच्या सोंडेच्या टोकाशी असलेल्या एका इंद्रियातून आम्लयुक्त रस पाझरतो. त्याने कवचातील चुना मऊ पडतो. थोडा वेळ रस लावावा, मग खरवडावे, पुन्हा रस लावावा, असा हा उद्योग तासन् तास चालतो. कवच जाड असेल तर दिवसही उलटतो. आरपार भोक पडले की त्यातून सोंड आत घालून ती शिंपल्यातील मऊ जीव खाऊन टाकते.

या भोकाचा आकार पाहण्यासारखा असतो. स्क्रूचे डोके लाकडात बसावे म्हणून सुतार भोकाचे तोंड रुंद करतो ना? तसेच हे भोक बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेले असते. पोखरणाऱ्या गोगलगाईंचे दुसरेही एक कुल आहे. तिचे भोक बहुधा नळीसारखे सरळ असते. म्हणजे शिकारी निघून गेला, तरी भोकावरून त्याची ओळख पटते. भोक मोठे, तर शिकारीही बहुधा मोठा.

शिंपला खडकात गाडला जाऊन त्याचा जीवाश्म बनला, तरी हे भोक टिकून राहते. कच्छमधील सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत असे भोके पडलेले लहान शिंपले मोठ्या संख्येने मिळाले आहेत. (१९५६ ते १९६० या काळात हा कच्छ आपल्याच मुंबई राज्यात होता!) अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पंख्याच्या आकाराच्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, त्यांवरही ही भोके दिसतात. या जातीचे शिंपले झडपा फडफडवून पाण्यात पळून जाऊ शकतात. तरीही काही सापडतातच. चीनमध्ये तर सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या नळीसारख्या कवचांवर भोके आढळली आहेत.

आपल्या सोलापूरचा पाषाण मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे जुन्या तळ्यांचा गाळ अडकलेला असतो. नागपूरजवळच्या अशाच गाळातील गोगलगाईंचे शंख स्टीफन हिस्लॉप यांनी जमविले आणि १८६० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या गोगलगाई गोड्या पाण्यातल्या. पोखरणाऱ्या गोगलगाई तर समुद्रवासी. म्हणून भीमेच्या वाळवंटात कितीही शिंपले वेचले, तरी त्या मुलीला माळेसाठी सुई घ्यावीच लागली असती.

या भोकांची मोजदाद करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. समजा, १०० सुट्या झडपा मिळाल्या आणि १० झडपांना भोके आहेत. घाईने कोणी म्हणेल, दहा टक्के. परंतु एका शिंपल्यास झडपा दोन, आणि भोक पडते सामान्यतः एकीलाच. म्हणजे १०० झडपांचे प्राणी ५० आणि त्यांतील १० बळी. प्रमाण झाले २० टक्के.

सहलीहून परतताना त्या मुलीने एक शिंपला मला देऊन टाकला होता. त्यावर नुसता गोल खळगा होता, भोक आरपार गेले नव्हते. माळेच्या दृष्टीने तो निरुपयोगी. अनेक दिवस तो माझ्या मेजावर पडून होता. वाचन झाल्यावर मी तो भिंगाखाली धरला. खळग्याच्या मध्यभागी बारीकसा उंचवटा होता. गोल शंखाच्या त्या गोगलगाईचे काम अर्धवट राहिले की असाच उंचवटा मागे उरतो. काम का थांबले, ते त्या खळग्यावरून कळत नाही. कदाचित लाटेने दोघांना वेगळे केले असेल. तिचा हल्ला तेथे अर्ध्यावरच राहिला होता, एवढे मात्र खरे.