आजारी कोंबडीची घरची शुश्रूषा

कोंबडी आपले दुखणे लपवते. कळपात अशक्त दिसणाऱ्या पाखराला बाकीची टोचतात आणि मुंगूस किंवा रानमांजर आधी त्यालाच हेरते. त्यामुळे अंगात बळ आहे तोवर ती इतरांबरोबर उकरत राहते. पंख फुलवून, मान आखडून, डोळे मिटून ती कोपऱ्यात पेंगू लागते तेव्हा दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांचे झालेले असते. कन्नड तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, मका-कपाशीच्या शेतांच्या कडेने, परसातल्या पाच-दहा कोंबड्या हा घरातल्या बाईच्या हातखर्चाचा आधार असतो. अशा घरात पेंगणारी कोंबडी दिसली की एक तर तिच्यावर सुरी फिरते, नाही तर माणसांच्या औषधातली उरलेली गोळी तिच्या चोचीत जाते. दोन्ही चुकीचे आहे. घरी करण्याजोगे पुष्कळ असते. त्याचा क्रम मात्र ठाऊक हवा.

पहिले काम वेगळे ठेवण्याचे

आजारी कोंबडी लगेच बाकीच्यांपासून दूर न्यावी. त्यासाठी डालगे किंवा हवेला भोके पाडलेले मोठे खोके चालते. तळाशी कोरडे गोणपाट किंवा भुसा घालावा आणि तो रोज बदलावा. तिचे पाण्याचे भांडे वेगळे असावे. आधी निरोगी कोंबड्यांना दाणापाणी घालावे, आजारी कोंबडीकडे शेवटी जावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू माणसाच्या पोटात जातात.

निरोगी कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असते. आजारी पाखराची बरीच शक्ती ही ऊब टिकवण्यातच खर्च होते. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. दुसरी बाजू मोकळी ठेवली, म्हणजे जास्त गरम झाल्यास कोंबडी स्वतः सरकते. एप्रिल-मे महिन्यांत प्रश्न उलटा असतो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत आणि पंख अंगापासून दूर धरून ती उष्णता बाहेर टाकते. अशा वेळी तिला सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवावे, पाय साध्या गार पाण्यात बुडवावेत आणि पाणी पाजावे. बर्फ लावू नये.

पाणी आधी, दाणा नंतर

आजारी कोंबडी उपाशी राहण्याआधी तहानेने खचते. बाजारात मिळणारी ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून एखादा दिवस द्यावी, शेजारी साधे पाणीही ठेवावे. हातच्या अंदाजाने जास्त मीठ घालू नये. जादा मीठ पाखरांना विषासारखे बाधते.

पाणी पाजण्याची रीत नीट समजून घ्यायला हवी. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते. चोच फाकवून चमच्याने पाणी ओतले तर ते फुप्फुसात उतरते आणि कोंबडी गुदमरून मरते. कोंबडीला फडक्यात गुंडाळून मांडीवर सरळ बसवावे. सुई काढलेल्या सिरिंजने किंवा बोटाने चोचीच्या कडेवर एक थेंब सोडावा. तो आत ओढला जातो, मान वर होते, गिळताना गळा हलतो. मगच दुसरा थेंब. मान टाकलेल्या, बेशुद्ध पाखराला काहीही पाजू नये.

पाणी पोटात राहू लागले की मऊ खाणे द्यावे: मक्याची बारीक भरड कोमट पाण्यात भिजवून, ज्वारीच्या कण्यांचा पातळ भात किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक. खाणे थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे आणि उरलेले काढून टाकावे. बुरशी लागलेला मका कधीच घालू नये. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, तेव्हा बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतले विष त्याच्या मुळाशी निघाले. तेच अफ्लाटॉक्सिन. ओल्या मक्यातही ते तयार होते आणि कोंबडीचे यकृत खराब करते. पेरणीसाठी औषध चोळलेले रंगीत बियाणे आणि फवारणी झालेल्या शेताची कड हीसुद्धा अचानक मरणाची कारणे असतात.

तपासणी डोक्यापासून पायापर्यंत

गळ्याखाली, छातीच्या वर, दाणा साठवणारी पिशवी असते. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी लागायला हवी. सकाळीही दगडासारखी घट्ट लागली तर आत गवत किंवा सुतळी अडकलेली असते. लिबलिबीत लागून चोचीला आंबूस वास आला तर दाणा आत सडलेला असतो. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागले, तर कोंबडी बऱ्याच दिवसांपासून खंगत आहे. पिसे बाजूला करून शेपटीखाली आणि पंखांखाली उवा-गोचिडी पाहाव्यात.

वारंवार जोर करणारी, शेपटी खालीवर हलवणारी कोंबडी अंडे अडकल्याने त्रस्त असू शकते. तिला पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवावे आणि नंतर कोरडी करून उबेला ठेवावी. अंडे आतच फोडू नये. काही तासांत ते बाहेर आले नाही, तर डॉक्टर गाठावा.

विष्ठा बरेच सांगते. रक्त दिसले तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. तिच्यावर औषध आहे आणि ते लवकर सुरू केले तर पाखरे वाचतात. तुऱ्यावर आणि चोचीभोवती खपल्या धरल्या तर तो देवी रोग. हिरवट हगवण, धाप, लुळे पाय आणि पिरगाळलेली मान ही मानमोडीची खूण.

मानमोडीपुढे शुश्रूषेची सीमा

मानमोडी म्हणजे राणीखेत. 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा रोग ओळखला गेला. भारतात तो कुमाऊँमधल्या राणीखेतला आढळला आणि तेच नाव इथे रुळले. रोग विषाणूचा असल्याने त्यावर औषध नाही. लस न टोचलेल्या कळपात दहातल्या नऊ कोंबड्याही जातात. वाचलेल्या एखादीची मान कायमची वाकडी राहते. इथे खरा उपाय आधीचा आहे: पिलाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बीची सुई. लसीची कुपी शंभर किंवा अधिक पाखरांची असते, थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी फोडणे परवडत नाही म्हणून लस राहून जाते. गल्लीतल्या किंवा वस्तीवरच्या सगळ्या घरांनी एकाच संध्याकाळी कोंबड्या कोंडून लस घेतली, तर ही अडचण उरत नाही.

एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या किंवा तुरे जांभळे पडून तोंडावर सूज आली, तर घरगुती शुश्रूषा तिथेच थांबवावी. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. जानेवारी 2021 मध्ये तो मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी निघाला. अशा वेळी मेलेल्या पाखरांना उघड्या हातांनी शिवू नये, उरलेल्या कोंबड्या विकू नयेत, पाहुण्यांकडे पाठवू नयेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच कळवावे. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याने अशी खबर देणे पाळणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. 1962 या निःशुल्क क्रमांकावरूनही पशुवैद्यकीय मदत मागता येते.

औषध, अंडी आणि शेवट

प्रतिजैविके डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. ती सुरू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी व मांस खाऊ नये. आजारी कोंबडी कापून खाणे किंवा आठवडी बाजारात विकणे म्हणजे रोग दुसऱ्याच्या घरी पोहोचवणे होय. बाजारातून आणलेले नवे पाखरूही दोन-तीन आठवडे वेगळे ठेवूनच कळपात सोडावे.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा नदी-नाल्यात टाकू नये. कुत्री ती ओढतात आणि रोग वस्तीभर फिरतो. विहिरीपासून दूर खोल खड्डा घेऊन, वर-खाली चुना टाकून ती पुरावी आणि खुराडे धुऊन उन्हात वाळवावे.

काही कोंबड्या सगळे करूनही वाचत नाहीत. तीन दिवस पाणी-ऊब देऊनही जी उभी राहत नाही, खात नाही आणि धापा टाकते, तिला ताटकळत ठेवण्यापेक्षा डॉक्टरांच्या हातून वेदनारहित मरण देणे ही दयाच आहे. बाकीच्या कितीतरी कोंबड्या मात्र वेळेवर वेगळ्या ठेवल्या, उबेत बसवल्या आणि थेंबाथेंबाने पाणी पाजले तेवढ्यानेच सावरतात. म्हणून रोज संध्याकाळी खुराड्याचे दार लावताना कोंबड्या नुसत्या मोजू नयेत, एकेकीकडे नीट पाहावे.