आईची मांडणी

संग्राहक म्हटला की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, फणीकरंड्याच्या पेट्या जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभारलं आणि १९७५ साली ते राज्य सरकारच्या हवाली केलं. वीस हजारांवर वस्तूंच्या त्या संग्रहातली कितीतरी चीज कुणाच्या ना कुणाच्या आईच्या हातातली. त्या आईने ती निवडली, घासूनपुसून ठेवली, लेकीला द्यायची की सुनेला याचा विचार केला. तिला मात्र संग्राहक कुणी म्हटलं नाही. ‘आईला टाकवत नाही काही’ एवढ्यावर घरचे तिची बोळवण करतात.

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या घरात आईचा संग्रह पाहायचा तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या मांडणीपासून सुरुवात करावी. खाली डेग आणि परात, वर उतरत्या मापाची पातेली, कडेला उभी ताटं, सगळ्यांत वर बायकांनाच ठाऊक असलेल्या क्रमाने लावलेले गडवे-तांबे. यातलं निम्मं रोज वापरायचं नसतंच. एखादा तांब्या उचलून कडेला पाहिलं तर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं दिसतात: अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट, खाली तारीख, कधी गावाचं नाव. पूर्वी दुकानदार छिन्नी-हातोडीने नाव टाकायचा, आता विजेची सुई असते. वस्तू कोणाकडून आली, केव्हा, कशासाठी, हे संग्रहालयात कार्डावर लिहितात. इथे ते धातूवरच कोरलेलं असतं आणि घासून घासून पुसट झालं तरी आईला तोंडपाठ असतं. कोणत्या आहेरात कोणी हात आखडता घेतला होता, हेसुद्धा.

या संग्रहाचं जाहीर प्रदर्शनही भरतं, फक्त एक दिवस. लग्नात रुखवत मांडतात तेव्हा मंडपभर बायका वाकून वाकून भांडी बघतात, नावं वाचतात, कुजबुजतात. मुलगी दहा-बारा वर्षांची झाल्यापासून आई आंदणाची जमवाजमव करत असते. बोहारणीला जुन्या साड्या देऊन एखादं पातेलं घ्यायचं, तेही तासभर घासाघीस करून. ‘ही साडी तर नवीच आहे गं’ आणि ‘पदर विरलाय की बाई’ यांच्यातला हा सामना ज्याने ऐकलाय त्याला लिलावाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

पितळ जाऊन स्टील आलं ते हौसेपोटीच असं नव्हे. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यावर पडला तेव्हा रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या घरातलं पितळ अनेक ठिकाणी मोडीत गेलं. कळशी गेली तरी तिचं वजन आठवणारी म्हातारी अजून भेटते. भांडी ही बाईची बँक होती. उतरंडीच्या मधल्या एखाद्या मडक्यात चार पैसे फडक्यात बांधून ठेवायचे, वर डाळीचं मडकं. नवऱ्याला डाळ कुठल्या मडक्यात आहे हेच ठाऊक नसे, तेव्हा पैसे सुरक्षित. पुढे बचत गट आले, पासबुकं आली. उतरंडीतला गुप्तपणा मात्र पासबुकात नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हाच संग्रह दोन भागांत वाटला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, सहा महिने चालेल एवढंच घ्यायचं: तवा, परात, दोन पातेली, पाण्याचा हंडा, अंथरूण-पांघरूण. मांडणीवरचं चांगलंचुंगलं कुलपात, म्हाताऱ्या सासूच्या नजरेखाली. दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो त्याच दिवसांत ही निवड या घरांतून चाललेली असते. काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवणाऱ्या बाईइतकी कसोटी फार थोड्या संग्राहकांच्या वाट्याला येते.

कापडाचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीने सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. ती पासोडी जपली गेली, हे भाग्यच. त्याच तालुक्यातल्या घरोघरच्या वाकळींची नोंद मात्र कुठे नाही. एखादी वाकळ उलगडून पाहावी. वर थोरल्या लेकीचा परकर, मध्ये सासऱ्याच्या धोतराचा पट्टा, कोपऱ्यात एखादा खण, आत आणखी जुनी वाकळ. चिंध्यांचं गाठोडं वर्षभर फुगत राहतं आणि उन्हाळ्यात चार बायका बसून दोरा घालतात. कुठला तुकडा कुठे बसवायचा यावर वाद होतात. हे वाद सौंदर्याचेच असतात, कुणी त्यांना तसं नाव देत नाही एवढंच.

बियांचा नाद तर सर्वांत जुना. वाळूक, दोडका, कारलं, भोपळा यांचं चांगलं फळ वेलीवरच पिकू द्यायचं, त्याला हात लावणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालायचा, मग बिया राखेत घोळून फडक्यात बांधायच्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्याही बिया वाळवून ठेवणाऱ्या आया होत्या, उवांवरचं औषध म्हणून. (डोळ्यांत गेलं की पोरगी गाव डोक्यावर घ्यायची, ते वेगळं.) बीटी कापूस २००२मध्ये आला आणि शेतातलं बियाणं आणखीच दुकानाचं झालं. परसातलं बियाणं तरीही बाईच्याच हातात राहिलं. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जमवले, घरात बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या जमवाजमवीला मोठा मान मिळाला.

हाताला न लागणारा साठा ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रभरातून गोळा करवल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या ओव्या गायल्या. आईकडून आलेल्या चालीत नवी माणसं, नवा अभिमान. अंबाजोगाईच्या शैला लोहिया यांनीही लोकसंस्कृतीतली बाई अभ्यासली. त्यांचं ‘भूमी आणि स्त्री’ याच मातीतून आलं. ओव्यांना असे ऐकणारे भेटले. भांड्यांना, वाकळींना अजून भेटायचेत.

आई गेल्यावर या संग्रहाची वाटणी होते ती बहुधा तेराव्यानंतर. शेतीवर भांडणारे भाऊ भांड्यांकडे ढुंकून बघत नाहीत, ती बायकांची बाब. तांब्याच्या कडेला थोरलीचं नाव आहे, धाकटी म्हणते तो मला कबूल केला होता. अक्षरं पुसट असतात. मग चष्मा शोधला जातो, तांब्या उजेडाकडे धरला जातो आणि मावशीला फोन लावून विचारलं जातं की हे नाव नक्की कुणाचं.