काचपेटीतला मासा आजारी पडतो तेव्हा



गाय रवंथ करीना झाली की आपल्याला कळते. कोंबडी पंख पाडून बसली की घरातले लहान पोरही ओळखते. मासा मात्र हंबरत नाही की कण्हत नाही. त्याचे दुखणे आपल्या लक्षात येते ते बहुधा उशिरा, आणि मग घाईघाईत जे उपचार होतात तेच पुष्कळदा त्याच्या जिवावर उठतात.

हे मी अनुभवाने सांगतो. मी शिक्षक झालो त्या पहिल्या वर्षी वर्गात एक सोनमासा होता. एके सकाळी तो तळाशी कलंडून बसलेला दिसला. मुले रडवेली झाली. मी पेटीतले सगळे पाणी ओतून दिले, पेटी घासली, नळाचे ताजे पाणी भरले आणि वर माणसांच्या औषधाची एक कॅप्सूल फोडून टाकली. संध्याकाळी मासा उलटा तरंगत होता. त्याच सकाळी गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकलेली होती, हे मला नंतर कळले. मूळ दुखण्याने तो कदाचित वाचलाही असता. माझ्या उपचारातून मात्र वाचला नाही.

आता पाणी एवढे महत्त्वाचे का, ते पाहू. सोनमासा हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. तो कल्ल्यांनी श्वास घेतो आणि अंगातली घाण, म्हणजे अमोनिया, मुख्यतः कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो. नदीत ती वाहून जाते. पेटीत ती साठते. पेटीतल्या वाळूवर आणि दगडांवर जे सूक्ष्म जंतू वाढतात, ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जंतू नीट रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. पेटी घासली की ते गेले, आणि क्लोरीनच्या पाण्यानेही मरतात. म्हणून मासा आजारी दिसला की औषध शोधण्याआधी पाणी पाहावे. नवी पेटी, जास्त मासे, तळाशी कुजलेला चारा, यांपैकी काही आहे का? बरेचदा दुखण्याचे मूळ तिथेच सापडते.

पहिल्या दिवशी करायचे ते एवढेच. पाण्याचा तिसरा हिस्सा काढा आणि तेवढेच दुसरे पाणी घाला. हे पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवलेले असावे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, आणि ते पेटीतल्या पाण्याइतकेच गार वा कोमट असावे. दोनतीन दिवस चारा बंद ठेवा. उपासाने मासा मरेल ही भीती नको. मोठा सोनमासा आठवडाभर उपास काढू शकतो. उलट न खाल्लेला चारा पाण्यात कुजून विष होतो. मासा वर येऊन सारखे तोंड उघडझाप करीत असेल तर हवा कमी पडते आहे असे समजा. वीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशाला जेमतेम साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात मासा आधीच अडचणीत असतो. पंप नसेल, किंवा वीज गेली असेल, तर तांब्याने पाणी उचलून हलकेच वरून धार सोडा. पोरे हे काम आनंदाने करतात, बरे का!

दुसरा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सारखे शिरत असते आणि अंगातले क्षार बाहेर झिरपत असतात. धडधाकट मासा हे सहज निभावतो. आजारी माशाला मात्र गळक्या होडीतल्या नावाड्यासारखे सतत पाणी उपसत बसावे लागते. पाण्यात थोडे मीठ असले की हा भार हलका होतो, आणि नायट्राइटची बाधाही कमी होते. दहा लिटर पाण्याला वीस ग्रॅम खडेमीठ, म्हणजे सुमारे चार सपाट चमचे, आधी वेगळे विरघळवून दिवसभरात दोनतीन हप्त्यांनी घाला. पाणवनस्पती असतील तर त्या आधी काढून ठेवा. मांगूरसारख्या बिनखवल्यांच्या माशांना मात्र मीठ जपूनच द्या.

अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो एक परजीवी आहे. तो ठिपक्यात असेतो औषध त्याला लागत नाही. तिथून सुटून तो पाण्यात पोहू लागला की तेवढ्या वेळातच मरतो. म्हणून मीठ दहा लिटरला तीस ग्रॅमपर्यंत वाढवा आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर तसेच ठेवा. एकच मासा वेगळा काढून इथे भागत नाही, कारण रोग पाण्यात पसरलेला असतो.

काही दुखणी मात्र हाताबाहेरची असतात. पोट फुगून खवले सीताफळाच्या सालीसारखे उभे राहिले, म्हणजे जलोदर झाला, तर मासा क्वचितच उठतो. शिरगाव, नागपूर आणि उदगीर इथे मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. जवळ असाल तर जरूर विचारा. पण आठवडा उलटूनही मासा कलंडलेलाच असेल आणि बोट जवळ नेले तरी हलत नसेल, तर त्याला तसेच झुरत ठेवणे बरे नव्हे.

त्याला जिवंतपणी विहिरीत किंवा तळ्यात सोडू नका. त्याचा रोग तिथल्या माशांना लागेल. बर्फात घालणे किंवा पाण्याबाहेर ठेवणे यात यातनाच आहेत. त्यापेक्षा लवंगतेल बरे. त्याच्याच पेटीतले एक लिटर पाणी भांड्यात घेऊन मासा त्यात ठेवा. लवंगतेलाचे दहा थेंब बाटलीत कोमट पाण्यात खूप हलवून घ्या. निम्मे मिश्रण आधी ओता. मासा गुंगून आडवा झाला की उरलेले ओता. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावर आणखी अर्धा तास त्याला काढू नका. हे काम वर्ग सुटल्यावर करावे, पण मुलांपासून लपवू नये. "मासा गावाला गेला," असे सांगितलेले त्यांना खरे वाटत नाही.

नंतर हात साबणाने धुवा. बोटाला जखम असेल तर पेटीत हात घालूच नका, कारण माशांचा एक जंतू माणसाच्या कातडीतही रुजतो. पेटीत दुसरा मासा उरला नसेल तर पेटी आणि जाळी कडक उन्हात पूर्ण कोरडी होऊ द्या. मग नवे पाणी भरून वाट पाहा, आणि नवे मासे आणाल ते एकदोनच आणा. "गुरुजी, मासा कधी आणायचा?" असे पोरे रोज विचारतील. त्यांना दिनदर्शिकेवर सहा आठवड्यांपुढची तारीख शोधून खूण करायला सांगा.