डीप ब्ल्यूची ‘ती’ चाल कॉम्प्युटरने शोधलीच नव्हती!

११ मे १९९७, न्यूयॉर्क. वर्ल्ड चॅम्पियन गॅरी कास्पारॉव्ह आणि आयबीएमचा डीप ब्ल्यू यांची सहावी, म्हणजे शेवटची गेम. स्कोअर बरोबरीत. काळी मोहरी कास्पारॉव्हकडे. त्याने ओपनिंग निवडलं कारो-कान: पांढऱ्याने ई४ खेळलं की काळ्याचं सी६. भक्कम, जरा कंटाळवाणं, पण सेफ.

सातव्या चालीला मात्र गडबड झाली. इथे आधी उंट डी६ वर आणायचा आणि मग एच६ खेळायचं, हा नेहमीचा क्रम. कास्पारॉव्हने आधीच एच६ खेळून जी५ वरच्या घोड्याला हटकलं. घोडा मागे जाईल, असाच त्याचा हिशोब असावा. कारण त्या काळचे प्रोग्रॅम लगेच परतावा दिसल्याशिवाय सहसा मोहरा सोडत नसत.

डीप ब्ल्यूने घोड्याने सरळ ई६ वरचं प्यादं मारलं. एका प्याद्यासाठी अख्खा घोडा! पण त्यानंतर काळ्या राजाला कॅसलिंग करता आलं नाही, तो मधेच अडकला. १९ व्या चालीनंतर कास्पारॉव्हने हार मानली. मॅच ३.५–२.५ अशी गेली.

आता खरी गंमत. डीप ब्ल्यू सेकंदाला सुमारे २० कोटी पोझिशन तपासायचा, पण ही चाल त्याने तपासून काढली नव्हती. ती त्याच्या ‘ओपनिंग बुक’मध्ये होती. ओपनिंग बुक म्हणजे आधीच भरून ठेवलेली पोझिशन आणि त्यावरची चाल. पोझिशन जुळली की विचार बंद, चाल हजर. हे सुमारे ४,००० पोझिशनचं बुक जोएल बेंजामिन आणि इतर ग्रँडमास्टर्सनी हाताने तयार केलं होतं. म्हणजे ‘मशीनने माणसाला हरवलं’ या हेडलाइनमधली सगळ्यात गाजलेली चाल माणसांनीच भरलेली!

तुमच्या फोनवरचं स्टॉकफिश इंजिन असं बुक न वापरता स्वतः गणित करतं. लिचेसवर अ‍ॅनालिसिस बोर्ड उघडा, हीच पोझिशन लावा आणि इंजिन ऑन करा. मग शेजारचं पुस्तकाचं चिन्ह दाबा. तिथे दिसतं ते गणित नाही, तर लोकांनी तिथून काय खेळलं आणि कोण जिंकलं याची आकडेवारी. दोन्ही बाजूला ठेवून बघा, एच६ इथे का महाग पडतं ते लगेच दिसेल. फक्त हे गेम संपल्यावर हं! चालू गेममध्ये इंजिन लावलंत तर अकाउंट बंद होऊ शकतं.