घरच्या ड्रोनचा जमाखर्च

आमच्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. टेबलाच्या कडेला एका लाकडी फळीवर एक बल्ब बसवलेला असायचा. दुरुस्त केलेला रेडिओ ते कधीच थेट प्लगला लावत नसत. आधी या बल्बमधून वीज द्यायचे. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटायचा आणि रेडिओ वाचायचा. या बल्बला ते ‘सिरीज’ म्हणत. पुढे दुकान बंद झालं, फळी माळ्यावर गेली. मी बी. ए. करून कवितेच्या नादाला लागलो आणि विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता उरला.

मग एक दिवस माझी भाची, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे, म्हणाली, “मामू, मला रेसिंगचा ड्रोन बनवायचाय.”

लग्नात वरून फोटो काढणारा ड्रोन मी पाहिला होता. हा त्याचा उनाड चुलतभाऊ म्हणा. कार्बन फायबरचा वीतभर सांगाडा, चार मोटारी, पाच इंची पंखे आणि पुढे बोराएवढा कॅमेरा. कॅमेऱ्यातलं चित्र चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरच्या बंद चष्म्यात दिसतं, जणू आपण आतच बसलोय. याला एफपीव्ही म्हणतात. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारनं परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संरक्षण, संशोधन अशी मोजकी कामं त्यातून वगळली. सुट्या भागांवर मात्र ही बंदी नव्हती. आणि रेसिंगवाली मुलं तसंही स्वतःच जुळवतात, कारण ड्रोन पडणारच असतो आणि दुरुस्तही आपणच करायचा असतो.

तिच्याकडे साठवलेली ईदी आणि शिकवण्यांचे मिळून 25 हजार रुपये होते. यादी झाली 40 हजारांची. तिचे वडील रिक्षा चालवतात; वरचे पैसे त्यांच्याकडे मागायचे नाहीत, हे तिनं आधीच ठरवलं होतं. मी हिशेबाला बसलो. त्या हिशेबातून जे उमगलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे यादीचे दोन भाग करायचे. एक, जे जमिनीवर राहतं ते. दुसरा, जे आभाळातून पडतं ते. रिमोट, चार्जर आणि चष्मा जमिनीवर राहतात. ते वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून एकदाच आणि बरे घ्यावेत. पडणाऱ्या वस्तू मात्र साध्या, सहज मिळणाऱ्या आणि बदलता येणाऱ्या असाव्यात.

खरेदीची सुरुवात रिमोटपासून करावी. तो तारेनं संगणकाला जोडून सिम्युलेटरवर उडवण्याचा सराव करता येतो. तीन महिने ती तेच करत होती. पडद्यावर ड्रोन किती वेळा आपटला याची गणती नाही, पण एक पंखाही विकत घ्यावा लागला नाही. तेवढ्या वेळात आणखी थोडे पैसे जमले. रिमोट घेताना ‘एक्स्प्रेस एलआरएस’ ही पद्धत असलेला घ्यावा. ती खुली पद्धत आहे, त्यामुळे अनेक कंपन्यांचे स्वस्त रिसीव्हर तिच्याबरोबर चालतात. एकाच कंपनीच्या दारात बांधून राहावं लागत नाही.

चष्म्यात दोन जाती आहेत, डिजिटल आणि अ‍ॅनालॉग. डिजिटलचं चित्र स्वच्छ, पण किंमत बरीच जास्त. अ‍ॅनालॉगचं चित्र म्हणजे अँटेना हलल्यावरचं आपलं जुनं दूरदर्शन. मुंग्या येतात, पण चित्र उशिरा येत नाही आणि सिग्नल कमी होत गेला तरी ते एकदम गोठत नाही. शर्यतीत हेच महत्त्वाचं. तिनं एका सीनियरकडून जुना अ‍ॅनालॉग चष्मा घेतला. सगळ्यात मोठी बचत इथे झाली.

आता उडणारा भाग. मोटारीवर 2207 असा आकडा असतो. आतल्या स्टेटरचा व्यास 22 मिलिमीटर आणि उंची 7 मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी केव्ही लिहिलेलं असतं. ते किलोव्होल्ट नव्हे; भार नसताना एका व्होल्टला मोटार मिनिटाला किती फेरे घेईल, तो आकडा. चार सेलची बॅटरी पूर्ण भरली की 16.8 व्होल्ट, सहा सेलची 25.2 व्होल्ट. चार सेलला 2500 केव्हीची मोटार घेतली तर फेरे होतात 42 हजार. सहा सेलला 1750 केव्ही घेतली तर साधारण 44 हजार. दोन्ही जोड्या जमतात. पण स्वस्तात मिळाली म्हणून 2500 ची मोटार सहा सेलला लावली तर फेरे 63 हजारांवर जातात आणि काहीतरी जळतं. तेव्हा आधी बॅटरी ठरवा, मग मोटार. आणि मोटारी चार नव्हे, पाच घ्या. एक जाणारच आहे.

ड्रोनचा मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर. त्यात एफ4 आणि एफ7 अशा चिप असतात. शर्यतीला एफ4 पुरते. जीपीएस, उंची मोजणारं यंत्र वगैरे लागत नाही. त्यावर चालणारं ‘बीटाफ्लाइट’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

बॅटरीच्या लेबलवर मात्र फार विश्वास टाकू नये. 1300 एमएएच आणि 100 सी लिहिलेलं असेल तर ती 130 अँपिअर देते असा तो दावा. प्रत्यक्षात हे आकडे फुगवलेले असतात. सारख्याच क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांत जी वजनाला हलकी आणि दाव्याला भारी, तिच्यावर संशय घ्यावा. बॅटरी फुगली की तिचा मोह सोडावा. चार्जिंगला लावून घराबाहेर तर कधीच जाऊ नये.

आमचा घात झाला तो सगळ्यात स्वस्त वस्तूमुळे. बॅटरीच्या तारांपाशी एक कपॅसिटर लावतात. मोटारी झटक्यात वेग बदलतात तेव्हा विजेचे धक्के येतात, ते तो पचवतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळ पैशांत मिळतो. आमच्या घरातल्या डब्यात अब्बांच्या वेळचा एक होता. मीच म्हणालो, “हा लाव की, कशाला पैसे घालवतेस?” त्यावर 25 व्होल्ट लिहिलेलं होतं आणि बॅटरी 25.2 ची. वर ते धक्के वेगळेच. तिथे 35 व्होल्टचा हवा होता. तिसऱ्या उड्डाणाला फट्‌ असा आवाज झाला. मोटारींना वीज वाटून देणारी ईएससीची पाटी जळली. चारही मोटारींची एकच पाटी असल्यानं अख्खी बदलावी लागली. 4 हजार रुपये गेले.

ती रडली नाही. नुसतीच जळलेली पाटी हातात धरून बसली. ते मला जास्त लागलं. “मामू, चूक माझी. आकडा मी वाचायला हवा होता,” एवढंच म्हणाली. पैसे मी देऊ केले, तिनं घेतले नाहीत. दोन महिने आणखी शिकवण्या घेतल्या.

नवी पाटी आली त्या रात्री मी माळ्यावर चढलो. ‘सिरीज’ची फळी सापडली. घरच्या विजेचा बल्ब इथे चालणार नव्हता, रिक्षाचा 12 व्होल्टचाही नाही. ट्रकच्या इंडिकेटरचा 24 व्होल्टचा बल्ब आणला. भाचीनं बॅटरी आणि ड्रोन यांच्यामध्ये तो जोडला. पंखे आधी काढून ठेवले होते. बॅटरी लावताच बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. म्हणजे शॉर्ट नव्हता. आजची मुलं याला ‘स्मोक स्टॉपर’ म्हणतात, तयार विकतही मिळतो. अब्बांना हे नाव ठाऊक नव्हतं.

आता रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या माळावर जातो. बॅटरीसकट हा ड्रोन 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोच्या आत, म्हणजे 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ‘मायक्रो’ वर्गातला. नोंदणी काय लागते, आपला परिसर कुठल्या झोनमध्ये येतो, हे उडवण्यापूर्वी पाहून घ्यावं. चष्मा लावलेल्या माणसाला आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून शेजारी एकानं उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवायची असते. गुरं, माणसं, तारा दिसल्या की सांगायचं. ते काम माझ्याकडे आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यात काटकसरही करायची नसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)