संक्रांतीचं वाण आणि कुपवाड्याच्या मुली

हे सगळं सुरू झालं २०२५ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात. दरवर्षी वाण म्हणून वाटलेल्या डब्यांनी, चाळण्यांनी आणि स्टीलच्या वाट्यांनी आपल्या सगळ्यांची बेसमेंटं भरली आहेत. "एक वर्ष वाण नकोच, ते पैसे कुठेतरी चांगल्या ठिकाणी पाठवू," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्याजणी चक्क हो म्हणाल्या! (आपल्या मंडळात इतक्या पटकन एकमत जेवणाच्या मेनूवरसुद्धा होत नाही.) कुठे पाठवायचे ते ठरवायचं काम आम्हां पाचजणांच्या समितीवर आलं. त्या पैशांचं पुढे काय झालं, असं बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं. काहींनी रागावूनही विचारलं. म्हणून हा लेखाजोखा.

आमच्यातल्या एकाने पुण्याच्या मुक्कामात अधिक कदम यांचं भाषण ऐकलं होतं. त्याने नाव सुचवलं. कदम मूळचे नगर जिल्ह्यातले, पुण्यात शिकायला आलेले. विद्यार्थी असताना १९९७ साली ते काश्मीरमध्ये कुपवाड्याला गेले आणि तिथलेच होऊन बसले. कुपवाडा म्हणजे श्रीनगरपासून उत्तरेला सुमारे ९० किलोमीटर, नियंत्रण रेषेला लागून असलेला जिल्हा. १९८९ पासून पेटलेल्या हिंसाचारात गावागावांतले कर्ते पुरुष गेलेले. कोणी अतिरेक्यांच्या गोळीने, कोणी सुरक्षा दलांच्या, कोणी पलीकडून आलेल्या तोफगोळ्याने. काही स्वतःच बंदूक घेऊन गेले आणि मारले गेले. मागे राहिल्या बायका आणि पोरं.

२००२ मध्ये कदम आणि भारती ममाणी यांनी 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन' ही संस्था उभी केली आणि कुपवाड्यात मूठभर मुलींसाठी एक घर सुरू केलं. नाव 'बसेरा-ए-तबस्सुम', म्हणजे हसऱ्या चेहऱ्यांचा निवारा. मंडळी, ते वर्ष जरा आठवून पाहा. आदल्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झालेला, 'ऑपरेशन पराक्रम'साठी सैन्य सीमेवर जाऊन उभं राहिलेलं. नियंत्रण रेषेवरची शस्त्रसंधी व्हायला २००३ चा नोव्हेंबर उजाडायचा होता. अशा वेळी पुण्याहून आलेली हिंदू पोरं मुसलमान मुलींसाठी घर काढतात म्हटल्यावर गावाला शंका, लष्कराला शंका आणि अतिरेक्यांना तर शंका येणारच. अतिरेक्यांनी आपल्याला अनेकदा पकडून नेलं होतं, असं कदम यांनी जाहीर मुलाखतींतून सांगितलं आहे. पुढे बडगाम, अनंतनाग आणि जम्मूलाही अशी घरं झाली. या घरांतून अतिरेक्याची मुलगी आणि अतिरेक्यांनी मारलेल्या माणसाची मुलगी एकाच पंगतीत जेवल्या आहेत.

आधी तिथे कोणी काहीच करत नव्हतं असा समज होऊ नये म्हणून सांगतो, जम्मू-काश्मीर यतीम ट्रस्टसारख्या स्थानिक संस्था या हिंसाचाराच्या कितीतरी आधीपासून काम करत होत्या. आपल्या माणसाचं कौतुक करताना आपण बाकीच्यांना विसरतो, ही आपली जुनी खोड.

आता 'अनाथ' या शब्दाविषयी. आम्ही तो शब्द आपल्या अर्थाने घेऊन बसलो होतो. आई नाही, बाप नाही, कोणीच नाही. काश्मीरमध्ये 'यतीम' म्हणतात ते बाप गेलेल्या मुलाला. आई असली तरी ते मूल यतीमच. आपल्याकडचा 'पोरकं' हा शब्द त्याला जास्त जवळचा. म्हणजे या घरांतल्या कित्येक मुलींना आई असते, आजी असते, काका-मामा असतात. मग त्या संस्थेत का?

याचं उत्तर आम्हाला वाचता वाचता तुकड्यातुकड्यांनी मिळालं. तरुण विधवेचं पुन्हा लग्न झालं की पहिल्या नवऱ्याची मुलं बहुतेकदा आजी-आजोबांकडे राहतात. वारशाच्या धार्मिक नियमाप्रमाणे आजोबांच्या हयातीत बाप वारला आणि काका जिवंत असतील, तर नातवंडांना आजोबांच्या जमिनीत हक्काचा वाटा मिळत नाही. आजोबांनी हयातीत काही नावावर केलं किंवा मृत्युपत्रात लिहून ठेवलं तर गोष्ट वेगळी. त्यात 'अर्धविधवा' हा आणखी एक प्रकार. नवरा मेला नाही, बेपत्ता आहे. कोणी उचलून नेला, तो परतच आला नाही. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून पेन्शन नाही, नावावर काही होत नाही आणि दुसरं लग्नही नाही. नवरा बेपत्ता होऊन चार वर्षं झाली की अशा बायकांना पुन्हा लग्न करता येईल, असं तिथल्या उलेमांनी ठरवलं ते २०१३ च्या डिसेंबरात. तोवर कित्येकींची वीस वर्षं गेली होती. अशा घरात दोन मुलगे आणि एक मुलगी असेल आणि शाळेत एकालाच पाठवता येत असेल, तर कोणाचं दप्तर आधी सुटेल हे आपल्याला सांगायला नको.

'सेव्ह द चिल्ड्रन'च्या पाहणीत जम्मू-काश्मीरमधल्या अशा मुलांचा आकडा सुमारे २ लाख १४ हजार निघाला होता. त्यातली ३७ टक्के हिंसाचारामुळे पोरकी झालेली. उरलेल्यांचे बाप आजाराने, अपघाताने गेले असतील. पण उपाशी पोटाला कारण कुठे विचारता येतं?

यावर समितीतल्या एका वहिनींनी अगदी रास्त प्रश्न काढला. "आई आहे ना? मग पैसे आईलाच द्या की. लेकीला घराबाहेर कशाला काढायचं?" कायदाही तेच सांगतो. २०१५ चा बाल न्याय कायदा २०१९ पासून जम्मू-काश्मीरलाही लागू झाला. मूल शक्यतो कुटुंबातच राहावं, संस्था हा शेवटचा पर्याय, असं त्याचं धोरण आहे. घरीच राहणाऱ्या अशा मुलांसाठी केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मधून महिना ४,००० रुपये देण्याची सोयही आहे. वहिनींचं म्हणणं आम्हाला पटलं. पण जिथे शाळाच लांब आहे, रस्ता बर्फात बंद होतो, किंवा मुलगी ज्या घरात आहे त्या घराला ती नकोच आहे, तिथे चार हजार रुपये काय करणार? दोन्ही गोष्टी हव्यात, एवढ्यावर आम्ही थांबलो.

मग आला फोटोचा मुद्दा. खरं सांगायचं तर आमच्या डोक्यात होतं ते असं : प्रत्येक घराने एकेक मुलगी 'दत्तक' घ्यायची. तिचा फोटो फ्रिजवर, वर्षातून दोन पत्रं, आपली मुलं तिला दिवाळी कार्ड पाठवतील. मुलांवर संस्कार होतील! आमच्यातल्या एकाने तर तसा फॉर्मसुद्धा टाईप करून आणला होता.

समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंनी तो फॉर्म वाचला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. काकू एरवी मोजकं बोलतात. पन्नास वर्षं या देशात, निवृत्त प्राध्यापिका. त्या म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईने मला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. जेवण, शिक्षण सगळं तिथे झालं, त्यांचे उपकार आहेत. पण देणगीदार आले की आम्हाला ओळीत उभं करायचे. त्या दिवसापुरता चांगला फ्रॉक मिळायचा. पाहुणे गेले की काढून घ्यायचे. एक बाई दर खेपेला माझी हनुवटी धरून विचारायच्या, 'आमची मुलगी कोणती, हीच ना?' माझी आई तेव्हा जिवंत होती. मी कोणाचीही 'आमची' नव्हते."

आम्ही काकूंना तीस वर्षं ओळखतो. त्यांच्याकडची पुरणपोळी खाल्ली आहे, त्यांच्या मुलाच्या लग्नात नाचलो आहोत. हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं.

नंतर कळलं, कायद्याचंही तेच म्हणणं आहे. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. आणि कुपवाड्यासारख्या जिल्ह्यात एखाद्या मुलीच्या फोटोखाली 'हिच्या बापाला अमुक लोकांनी मारलं' असं छापून आलं तर तिला पुढे त्याच गावात राहायचं असतं, हे आपण इथे बसून विसरतो. फॉर्म बाद झाला. पैसे एकत्र द्यायचे, कोणा एकीच्या नावाने नाही, आणि निदान पाच वर्षं द्यायचे, असं ठरलं. त्यातून डिसेंबरच्या २१ तारखेला चाळीस दिवसांचं 'चिल्ले कलां' सुरू होतं तेव्हाचं जळण येईल, वॉर्डनचा पगार होईल, बारावीनंतरची फी भरली जाईल. फ्रिजवर लावण्यासारखं यात काही नाही.

आणि मग २२ एप्रिल आला. पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली. डोंबिवली, पुणे, पनवेलची. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही त्यात गेला. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात लेझीम रद्द करून आपण दोन मिनिटं उभे राहिलो, ते आठवत असेल. डोंबिवलीत माहेर असलेल्या आपल्या सभासद त्या दिवशी बोलूच शकल्या नाहीत. त्याच आठवड्यात आम्हाला फोन आले, "आता त्यांच्या पोरींना पैसे पाठवणार?"

हा प्रश्न आम्ही झटकून टाकला नाही, टाकणं बरोबरही नव्हतं. मे महिन्यात सभा घेतली. आपल्या एका सभासद ताईंचे यजमान काश्मिरी पंडित आहेत. १९९० च्या हिवाळ्यात त्यांच्या घराने श्रीनगर सोडलं, तेव्हा ते अकरावीत होते. सगळ्यांना वाटलं, भावजी विरोधात बोलणार. ते उठले आणि त्यांच्या त्या खास मराठीत म्हणाले, "मी पैसे देणार नाही. माझ्याकडून होत नाही. पण तुम्ही देऊ नका, असं मी म्हणणार नाही. २००२ मध्ये दोन वर्षांची असलेल्या मुलीने माझं घर घेतलं नाही." एवढंच बोलून ते खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत ते बरं झालं.

त्याच मे महिन्यात चार दिवस नियंत्रण रेषेवर तोफा धडधडल्या. कुपवाड्याच्या कर्नाह भागात घरं पडली, पूंछमध्ये लहान मुलंसुद्धा मेली. म्हणजे यादीत नवी नावं आली.

आपल्या मराठी माणसांचा तिकडचा राबता एवढ्यावर संपत नाही. २०१६ च्या जुलैत छऱ्यांनी डोळे गेलेल्यांवर उपचार करायला मुंबईहून डॉ. एस. नटराजन यांचं पथक श्रीनगरला गेलं, ते याच बॉर्डरलेसच्या पुढाकाराने. पुण्याची 'सरहद' संजय नहारांनी उभी केली, तिने काश्मिरी मुलांना शिकायला पुण्यात आणलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या ९८ व्या साहित्य संमेलनाचं यजमानपदही याच 'सरहद'कडे होतं.

आता हिशेब. इथे आम्हाला एक धडा मिळाला, तो सर्वांच्या उपयोगाचा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत भारतातल्या संस्थेला दिलेले पैसे 'परदेशी देणगी' धरले जात नाहीत. पण आपण इथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, ते पैसे परदेशीच. मंडळाच्या खात्यातून गेलेला चेकही परदेशी. असे पैसे फक्त 'एफसीआरए' नोंदणी चालू असलेल्या संस्थेलाच घेता येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचे, हा जुना मार्गही बंद झाला. तेव्हा 'पुण्याच्या मामांकडे देतो, ते पोचवतील' असली युक्ती कृपया कोणी करू नये. अडचणीत मामा नाही, संस्था येते.

म्हणून भारतीय पासपोर्टवाल्या अकरा घरांचे पैसे आम्ही त्यांना परत केले. त्यांनी आपापल्या खात्यातून परस्पर पाठवायचे आहेत. बाकीची रक्कम मंडळाच्या खात्यात वेगळी ठेवली आहे आणि नोंदणीची कागदपत्रं तपासून झाल्याशिवाय ती हलणार नाही. ज्यांना आपला वाटा परत हवा असेल त्यांनी खजिनदारांना कळवावं. आतापर्यंत तीन घरांनी कळवलं, तिघांचे चेक काही न विचारता दिले. काकूंनी आपल्या वाट्याची रक्कम दुप्पट केली आहे आणि पावतीवर नाव घालू नका असं बजावलं आहे.